शब्दाआधी कृती : स्वमग्न वाचक आणि कूटचलनाची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

तांत्रिक विषयावरील एखादा लेख वाचूनही समजत नाही, असे वाचक म्हणतो तेव्हा त्या विधानाचे सामान्यतः दोन अर्थ लावले जातात. विषय मुळातच कठीण आहे, हा एक. वाचकाची पूर्वतयारी अपुरी आहे, हा दुसरा. लेखाची भाषा हे तिसरे कारण असू शकते, ही शक्यता क्वचितच तपासली जाते. स्वमग्न वाचकाच्या बाबतीत तर ती जवळजवळ कधीच तपासली जात नाही. कारण अडचणीचे स्पष्टीकरण त्याच्या निदानातच मिळाले, अशी समजूत करून घेतलेली असते.

प्रस्तुत लेखात ही तिसरी शक्यता एका विशिष्ट विषयाच्या आधारे तपासावयाची आहे. तो विषय म्हणजे कूटचलन, आणि त्यातही बिटकॉइन. हा विषय निवडण्याचे कारण असे की, येथे चुकीच्या आकलनाची किंमत फार मोठी आहे. बँकेच्या व्यवहारात चूक झाली तर तक्रार करण्यास जागा असते. बिटकॉइनच्या जाळ्यात पक्का झालेला व्यवहार परत फिरवणारा कोणीही अधिकारी नाही. म्हणून ‘हा विषय तुमच्यासाठी नाही’ असे सांगून स्वमग्न व्यक्तीला बाजूला ठेवणे हे वरवर सुरक्षित वाटते. परंतु ह्या चलनाची आमिषे तिच्यापर्यंत पोहोचावयाची थांबत नाहीत. थांबते ते केवळ ज्ञान. भारतात अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्याने मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शिकण्याची योग्य रीत शोधून देणे हा अशा व्यक्तीवर केलेला उपकार नव्हे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

२. वाचनातील अडचण नेमकी कोठे असते

वाचनक्रियेचे दोन घटक मानण्याची पद्धत आता रूढ आहे. गफ आणि टन्मर ह्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि भाषा समजणे ह्या दोहोंचा गुणाकार होय. गुणाकार म्हटल्याने एक गोष्ट सूचित होते : कोणताही एक घटक शून्यावर आला तर वाचनही शून्यावर येते. अनेक स्वमग्न मुलांत ह्या दोन घटकांमध्ये मोठी तफावत आढळते. केट नेशन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शब्दवाचनाची अचूकता सरासरीने समाधानकारक, परंतु आकलन त्या मानाने बरेच खाली, असे चित्र दिसले. त्याचबरोबर मुलामुलांत फार मोठा फरक होता, हेही त्या अभ्यासाने दाखविले. काही मुले अतिशय लवकर व अस्खलित वाचतात, पण वाचलेल्याचा अर्थ त्या मानाने त्यांच्या हाती लागत नाही. ह्या अवस्थेला १९६७ पासून ‘हायपरलेक्सिया’ असे नाव आहे.

उटा फ्रिथ आणि मार्गारेट स्नोलिंग ह्यांनी १९८३ मध्ये वापरलेली कसोटी मराठीत सहज समजावून देता येते. ‘जरा’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. ‘जरा थांब’ ह्यातील ज दंततालव्य आहे; वार्धक्य ह्या अर्थाच्या ‘जरा’मधील ज तालव्य आहे. लिपीत दोन्ही एकच. वाचकाने कोणता उच्चार करावा हे केवळ वाक्याच्या संदर्भावरून ठरते. इंग्रजीतील अशा समलिखित शब्दांचा उच्चार संदर्भानुसार बदलण्यात स्वमग्न मुले मागे पडतात, असे त्या प्रयोगांत दिसले. ह्यावरून फ्रिथ ह्यांनी १९८९ मध्ये अशी उपपत्ती मांडली की, सुटे तपशील एकत्र गुंफून एक समग्र अर्थ बनविण्याची ओढ ह्या व्यक्तींत कमी असते. पुढे २००६ मध्ये हॅपे आणि फ्रिथ ह्यांनी ह्या उपपत्तीची धार सौम्य केली आणि तपशिलाकडे झुकणारी ही एक विचारशैली आहे, तिला उणीव म्हणणे योग्य नाही, असे प्रतिपादन केले.

रूपकांच्या बाबतीतही मत असेच बदलत गेले आहे. फ्रान्सेस्का हॅपे ह्यांनी १९९३ मध्ये रूपकाचे आकलन हे दुसऱ्याच्या मनातील हेतू ओळखण्याच्या क्षमतेशी जोडले होते. कोर्टनी नॉर्बरी ह्यांच्या २००५ मधील अभ्यासात मात्र शब्दार्थाचे ज्ञान हाच अधिक निर्णायक घटक ठरला. ज्या मुलांचा भाषिक पाया भक्कम होता त्यांना स्वमग्नता असूनही रूपके समजली. आणि २०१२ मध्ये डेमियन मिल्टन ह्यांनी सर्व प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला : दोन भिन्न घडणीच्या व्यक्तींमध्ये संवाद तुटतो तेव्हा तो दोन्ही बाजूंनी तुटलेला असतो, दोष एकाच्याच पदरी टाकणे चूक आहे. लेखक आणि वाचक ह्यांचे नातेही संवादाचेच आहे. म्हणून आता लेखकाच्या बाजूकडे वळणे क्रमप्राप्त ठरते.

३. परिभाषेतील अडथळे

बिटकॉइनची मूळ संकल्पना सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका नऊ पृष्ठांच्या निबंधात मांडलेली आहे. प्रत्यक्ष जाळे ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाले. ह्या निबंधाची भाषा आणि नंतर प्रचारात आलेली भाषा ह्यांत एक लक्षणीय अंतर आहे. मूळ निबंधात ‘नाणे’ ह्या शब्दाची सरळ व्याख्या केलेली आहे : अंकीय स्वाक्षऱ्यांची साखळी म्हणजे नाणे. शब्द परिचित असला तरी त्याचा अर्थ लेखकाने स्वतः बांधून दिला आहे. नवी नाणी निर्माण करण्याच्या क्रियेची तुलना सोन्याच्या खाणीतील श्रमांशी केली आहे, पण ती उघड तुलना आहे. मराठी अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर तेथे उपमा होती. पुढे उपमावाचक शब्द गळून पडला आणि ‘खाणकाम’ हे रूपक झाले. त्यानंतर वापराने ते इतके झिजले की आज ती संज्ञाच बनली आहे. ज्याने ही वाटचाल पाहिली नाही त्याला खाण कोठे आहे, हा प्रश्न पडणे अत्यंत स्वाभाविक आहे.

ह्याच प्रकारची इतर पदे पाहावीत. ‘पाकीट’ म्हणतात, पण त्यात नाणी नसतात. केवळ किल्ल्या असतात. मराठीत तर ‘पाकीट’ म्हणजे लिफाफाही होतो. ‘किल्ली’ म्हणतात, पण ती कशातही फिरवावयाची नसते. ती एक प्रचंड संख्या असते. ‘पत्ता’ म्हणतात, पण त्यावरून कोणाचेही ठिकाण कळत नाही. ‘पाठविणे’ म्हणतात, पण कोणतीही वस्तू एका जागेवरून दुसरीकडे जात नाही. एक जुनी नोंद खर्ची पडून नवी नोंद होते. खाण, टपाल, कुलूप आणि सावकारी अशा चार निरनिराळ्या क्षेत्रांतील ही रूपके एकाच वाक्यात एकत्र येतात. सामान्य वाचक त्यांवरून घाईने सरकतो आणि आपल्याला समजले असे मानतो. स्वमग्न वाचक तेथे थांबतो. वस्तुतः थांबणाऱ्याचेच आकलन अधिक प्रामाणिक आहे. कारण ह्या रूपकांतून निघणारी अनुमाने बहुधा चुकीचीच असतात. फोन हरवला म्हणजे त्यातील नाणी हरवली, हे अनुमान ‘पाकीट’ ह्या शब्दातून थेट निघते, आणि ते असत्य आहे.

मराठी पर्यायांनी ह्यात भरच पडते. ‘कूटचलन’ ह्या शब्दात ‘कूट’ हे पद गुप्तलेखन ह्या अर्थाने योजलेले आहे. परंतु संस्कृतात कूट म्हणजे कपटाचे, खोटे असाही अर्थ आहे, आणि कौटिलीय अर्थशास्त्रात ‘कूटरूप’ ही खोट्या नाण्यासाठीच वापरलेली संज्ञा आहे. अर्थात अवयवार्थाने वाचणाऱ्यास ‘कूटचलन’ म्हणजे बनावट चलन असे वाटले तर व्युत्पत्ती त्याच्याच बाजूची आहे. स्वयंपाकघरातील दाण्याचे कूट तर दूरच राहिले.

दुसरे उदाहरण इंग्रजी शब्दाच्या भाषांतराचे. बिटकॉइनच्या नोंदींना इंग्रजीतील प्रचलित शब्दावरून ‘खतावणी’ किंवा ‘खातेवही’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मराठी जमाखर्चाच्या परंपरेत कीर्द आणि खतावणी ह्या दोन भिन्न वह्या आहेत. कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहितात. खतावणीत तेच व्यवहार माणसागणिक वेगळे काढून प्रत्येकाची बाकी मांडतात. बिटकॉइनच्या साखळीत केवळ व्यवहारांचा क्रम असतो, कोणाचीही बाकी लिहिलेली नसते. म्हणजे ती कीर्द आहे. खतावणी तयार करण्याचे काम प्रत्येकाचे पाकीट आपापल्यापुरते करीत असते. मराठीने शतकानुशतके जपलेला हा भेद वापरला असता तर परभाषेतील संदिग्धता येथे आलीच नसती.

तिसरा अडथळा वाक्यरचनेचा आहे, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘व्यवहाराची पडताळणी केली जाते’ अशी वाक्ये ह्या विषयावरील मराठी लेखनात पदोपदी आढळतात. ह्या नवीन कर्मणी प्रयोगात कर्ता लुप्त असतो. इतर विषयांत तो लुप्त राहिला तरी फारसे बिघडत नाही. पाणी गाळले जाते, मग ते कोणीही गाळो. परंतु पडताळणी कोणी करावयाची, हाच बिटकॉइनपुढील मूळ प्रश्न होता. बँक नसताना ती कोण करील, ह्याचे उत्तर म्हणजेच हा शोध होय. ‘जाळ्यातील प्रत्येक पूर्ण संगणक प्रत्येक व्यवहार स्वतः पडताळतो’ असे कर्तरी वाक्य लिहिले की विषयाचा गाभा वाचकाच्या हाती येतो; कर्मणी वाक्य लिहिले की तो गाभाच गळून पडतो. शब्दाला धरून वाचणारा वाचक ‘कोण?’ असे विचारतो, आणि वाक्यात त्याचे उत्तर नसते.

ह्यांखेरीज चक्रापत्तीचा दोष आहेच. ब्लॉक म्हणजे साखळीतील एक कडी आणि साखळी म्हणजे ब्लॉकांची मालिका, अशा व्याख्या वाचून कोठूनही आत शिरता येत नाही.

४. कृती अर्थ कसा बांधते

येथे एका जुन्या निरीक्षणाची आठवण उपयुक्त ठरेल. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून बालपणातील स्वमग्नतेचे चित्र प्रथम रेखाटले. १९४६ मध्ये त्यांनी ह्या मुलांच्या असंबद्ध वाटणाऱ्या आणि रूपकात्मक भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातील एक मुलगा, जवळपास कुत्रा नसताना आणि सज्जाही नसताना, कुत्र्याला सज्ज्यावरून फेकू नये अशा अर्थाचे वाक्य उच्चारीत असे. चौकशीअंती असे कळले की, तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलाच्या सज्ज्यावरून तो खेळण्यातला कुत्रा वारंवार खाली टाकीत होता आणि आईने त्रासून त्याला तसे बजावले होते. तेव्हापासून कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की तो ह्याच शब्दांनी स्वतःला आवरीत असे.

ह्या उदाहरणाचा भाषावैज्ञानिक अर्थ महत्त्वाचा आहे. त्या मुलाला रूपक बनविता येत नव्हते असे नाही. त्याने रूपकच बनविले होते. फरक इतकाच की, त्याच्या शब्दाचा अर्थ समाजातील संकेतावर उभा नव्हता, प्रत्यक्ष घडलेल्या एका प्रसंगावर उभा होता. आणि तो प्रसंग ऐकणाऱ्यास ठाऊक नव्हता. प्रसंग कळताच वाक्य पूर्णपणे सुसंगत ठरले. एका मुलाच्या उदाहरणावरून सर्व स्वमग्न प्रौढांविषयी सिद्धांत काढणे अर्थातच अयोग्य होईल. तथापि त्यातून एक अध्यापनसूत्र सुचते : आधी प्रसंग घडवावा आणि मग त्या प्रसंगाला शब्द द्यावा. तसे केल्यास ‘पाकीट’ हा शब्द चामड्याच्या पाकिटावरून घेतलेला राहत नाही. शिकणाऱ्याने स्वतः केलेल्या एका कृतीचे ते नाव बनते.

५. कृतींचा क्रम

पहिली कृती कागदावरची. चार जणांनी चार वह्या घ्याव्यात. प्रत्येकाच्या नावे आरंभी १० गुण लिहावेत. कोणी कोणाला गुण द्यावयाचे असतील तर त्याने मोठ्याने सांगावे आणि चौघांनीही आपापल्या वहीत ते क्रमाने लिहावे. काही वेळाने एकाने मुद्दाम आपले शेवटचे ५ गुण दोघांना एकाच वेळी, दोन बाजूंना तोंड करून, देऊ करावेत. आता चार वह्यांतील क्रम जुळत नाही. पहिला व्यवहार कोणता, हे कोणी ठरवावयाचे? हा प्रश्न येथे वाचावा लागत नाही, तो समोर उभा राहतो. पुढील सर्व यंत्रणा ह्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

दुसरी कृती हॅशची. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. बिटकॉइनमध्ये वापरली जाणारी ‘शा-२५६’ ही रीत २५६ बिटांचा, म्हणजे सोळा-आधारी लेखनात ६४ चिन्हांचा ठसा देते. ‘आज पाऊस पडला’ हे वाक्य संगणकात भरून ठसा पाहावा. मग शेवटी पूर्णविराम देऊन पुन्हा पाहावा. ६४ चिन्हांपैकी बहुतेक सर्व बदललेली दिसतील. भाषेच्या विद्यार्थ्यासाठी ह्यात आणखी एक बोधप्रद प्रयोग आहे. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकाच संकेतांकाने, अथवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, ठसे मात्र पूर्णतः निराळे येतात. यंत्र शब्द वाचीत नाही, ते केवळ बाइट मोजते, हे ह्या एका प्रयोगाने जितके स्पष्ट होते तितके अनेक पृष्ठांनी होत नाही. तपशिलाकडे झुकणारी विचारशैली येथे अडचण न राहता साधन बनते.

तिसरी कृती तथाकथित खाणकामाची. वाक्याच्या शेवटी १, २, ३ असे आकडे क्रमाने जोडीत जावे आणि ठशाचे पहिले चिन्ह शून्य येईपर्यंत थांबू नये. सरासरी १६ प्रयत्न लागतात. पहिली दोन चिन्हे शून्य हवी असतील तर सरासरी २५६, तीन हवी असतील तर ४,०९६. शोधणाऱ्याला इतके श्रम पडतात. तपासणाऱ्याला मात्र तो आकडा जोडून एकदाच ठसा काढावा लागतो. श्रम आणि तपासणी ह्यांतील ही विषमता हेच बिटकॉइनमधील क्रमनिश्चितीचे तत्त्व आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये मागील ब्लॉकचा ठसा समाविष्ट असल्यामुळे जुनी नोंद बदलू पाहणाऱ्यास पुढचे सर्व श्रम नव्याने करावे लागतात. ‘खाणकाम’ हा शब्द ह्या कृतीनंतर सांगावा, आधी सांगू नये.

चौथी कृती संगणकावरील खासगी जाळ्याची. बिटकॉइनच्या मूळ आज्ञावलीत ‘रेगटेस्ट’ नावाची एक सोय आहे. तीत सर्व जाळे शिकणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकात असते आणि त्याने आज्ञा दिली की त्याच क्षणी ब्लॉक तयार होतो. अनपेक्षित असे काहीही घडत नाही, घाई करणारे कोणी नसते, तीच कृती वीस वेळा करता येते. एकच नियम आधी सांगून ठेवला पाहिजे : नव्याने निर्माण झालेली नाणी पुढे १०० ब्लॉक होईपर्यंत खर्च करता येत नाहीत, म्हणून आरंभी १०१ ब्लॉक तयार करावे लागतात. हे न सांगितल्यास पाकिटातील खर्च करण्याजोगी शिल्लक शून्य दिसते आणि शिकणाऱ्यास आपलेच काही चुकले असे वाटते. आज्ञावलीचे ज्ञान नसणाऱ्याने सोबतीला माहितगार घ्यावा किंवा ही पायरी ओलांडून पुढे जावे.

पाचवी कृती सार्वजनिक चाचणीजाळ्याची. ‘सिग्नेट’सारख्या जाळ्यांवरील नाण्यांना बाजारात मूल्य नसते, ती मागितल्यावर विनामूल्य मिळतात. पाकीट तयार करताना १२ शब्द दाखविले जातात. ते २,०४८ शब्दांच्या एका निश्चित यादीतून निवडलेले असतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. ते कागदावर लिहून घ्यावेत. नंतर १०,००० एककांची एक पावती आली असे धरून दुसऱ्या एका पाकिटास ३,००० पाठवावेत आणि सार्वजनिक नोंदपटलावर तो व्यवहार पाहावा. तेथे दोन नोंदी दिसतील : ३,००० एककांची एक, आणि अनोळखी पत्त्यावर गेलेली, समजा, ६,८०० एककांची दुसरी. उरलेली २०० शुल्कात गेली. ६,८०० कोठे गेली, ह्या प्रश्नाने शिकणारा येथे घाबरण्याचा संभव असतो. आता पाकिटातील शिल्लक पाहण्यास सांगावे : ती ६,८०० आहे. तो अनोळखी पत्ता त्याच्याच पाकिटाने मोडीसाठी तयार केलेला होता. कीर्दीतील जुनी नोंद अर्धवट खर्च करता येत नाही, ती पूर्ण मोडावी लागते, हा नियम अशा रीतीने अनुभवातून येतो.

सहावी कृती सर्वांत निर्णायक. पाकीट यंत्रातून पूर्णपणे पुसून टाकावे. मग दुसऱ्या यंत्रावर तेच पाकीट नव्याने बसवून कागदावरील १२ शब्द त्याच क्रमाने भरावेत. शिल्लक पुन्हा दिसते. नाणी यंत्रात नव्हतीच, हे आता सांगावे लागत नाही. त्याचबरोबर उलट निष्कर्षही हाती येतो : हे शब्द ज्याच्याकडे असतील त्याच्याकडे पैसा असेल. शब्दांची अदलाबदल करून पाहिल्यास बहुतेक वेळा पाकीट ते नाकारते, कारण शेवटच्या शब्दात एक लहानशी तपासणी दडलेली असते. स्वैरपणे निवडलेल्या १२ शब्दांपैकी सोळात एकच संच तीतून उत्तीर्ण होतो.

ह्या शब्दयादीबाबत मराठी अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवून ठेवावी. २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या ह्या मानकाच्या प्रमाण याद्या इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज ह्या भाषांत आहेत. भारतीय भाषा एकही नाही. मराठीभाषक व्यक्तीला आपल्या ठेवीची किल्ली परभाषेतील शब्दांत, स्पेलिंगसह, जपावी लागते. इंग्रजी यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येईल असा निवडलेला आहे. जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घाचे भेद असणाऱ्या देवनागरीत असा निकष कसा लावावा, हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेल असे काम आहे.

६. मर्यादा आणि धोके

ह्या पद्धतीचा गौरव मर्यादेबाहेर करणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट, सर्व स्वमग्न व्यक्तींना तांत्रिक वाचन कठीण जाते असे नाही. कित्येकांचे ते बलस्थान असते. दुसरी, एका परिस्थितीत शिकलेले दुसऱ्या परिस्थितीत आपोआप लागू होईलच असे नाही. चाचणीजाळ्यावर चूक फुकट असते. तेथे शंभर वेळा चुकून निर्धास्त झालेला शिकणारा खऱ्या जाळ्यावर तितकाच निर्धास्त राहिला तर शिक्षणानेच त्याचा घात केला असे होईल. म्हणून दोन्ही जाळ्यांतील भेद स्पष्ट वाक्यांत लिहून द्यावेत : येथे चूक भरून निघते, तेथे निघत नाही, येथील नाण्यांना मूल्य नाही, तेथील नाण्यांना आहे, भारतात २०२२ पासून तेथील नफ्यावर ३० टक्के कर आकारला जाऊ लागला, येथे कराचा प्रश्नच नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘दर १० मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो’ हे विधान शब्दशः घेणारा अकराव्या मिनिटाला अस्वस्थ होईल, आणि ते विधान करणारा त्यास जबाबदार असेल. मुख्य जाळ्यात १० मिनिटे ही केवळ सरासरी आहे. एखादा ब्लॉक मिनिटभरात येतो, तर वीसांत सुमारे एकाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. हा विस्तार आधीच सांगितला तर प्रतीक्षा सुसह्य होते.

चौथा धोका भाषिकच आहे. फसवणूक करणारे बहुधा मदतनिसाच्या भाषेत बोलतात : पाकीट दुरुस्त करावयाचे आहे, १२ शब्द सांगा. वाक्याचा वाच्यार्थ निर्मळ असतो. कपट वक्त्याच्या हेतूत असते. हेतू ओळखण्यावर विसंबून राहण्यापेक्षा येथे अपवादरहित नियम अधिक उपयोगी : हे १२ शब्द कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगावयाचे नाहीत. सहावी कृती केलेल्या शिकणाऱ्यास ह्या नियमाचे कारण समजावून द्यावे लागत नाही. मात्र नियम त्याने आपल्या हाताने लिहून ठेवावा.

पाचवी मर्यादा विषयाची आहे. कृतीतून यंत्रणा समजते. भाव का चढतो आणि का पडतो, हे त्यातून कळत नाही. लास्लो हान्येझ ह्यांनी २२ मे २०१० रोजी दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले, ही नोंद आजही साखळीत कोणालाही पाहता येते. परंतु त्या १०,००० नाण्यांचे मूल्य नंतर इतके का बदलले, ह्याचे उत्तर साखळीत नाही. ते अर्थशास्त्रात शोधावे लागेल, आणि यंत्रणा समजली म्हणजे गुंतवणूक समजली असा ग्रह होऊ देता कामा नये.

७. समारोप

सारांश, स्वमग्न वाचक ज्या ठिकाणी अडखळतो त्या ठिकाणी मजकुरात बहुधा खरोखरच एक खड्डा असतो : झिजलेले रूपक, लुप्त कर्ता, वर्तुळात फिरणारी व्याख्या किंवा गाळलेली पायरी. इतर वाचक तो खड्डा कल्पनेने भरून काढतात, आणि पुष्कळदा चुकीच्या मालाने भरतात. कृतीतून शिकविण्याचा लाभ असा की, तेथे खड्डे ठेवताच येत नाहीत. गाळलेल्या पायरीवर यंत्र अडते आणि पायरी गाळली गेल्याचे तत्काळ कळते.

ह्याचा अर्थ लिखित मजकुराची गरज नाही असा होत नाही. कृतीनंतर शिकणाऱ्याने तोच लेख पुन्हा वाचावा. ‘पाकीट’, ‘किल्ली’, ‘पाठविणे’ हे शब्द आता त्याला स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टींची नावे म्हणून भेटतील. आणि ज्या वाक्याशी तो तरीही थांबेल, ते वाक्य लेखकाने पुन्हा तपासावे. परिभाषा घडविणाऱ्या मराठी अभ्यासकांना ह्याहून काटेकोर परीक्षक मिळणे कठीण आहे.